खर्च वाढला की भाव वाढले?



वर्धापनदिनी चार शब्द बोलावे असे चिटणीसबाईंनी सुचविले, तेव्हा मी विषय निवडला तो रोजच्याच घरखर्चाचा. "खर्च फार वाढला हो," असे आपण एकमेकींना नेहमी म्हणतो. पण वाढले ते नेमके काय? घरात जिन्नस जास्त आले, की त्याच जिनसांना पैसे जास्त पडले?

समजा, गेल्या साली महिन्याला डाळीवर ४०० रुपये खर्च झाले आणि यंदा ५००. भाव मात्र किलोला शंभराचे सव्वाशे झाले. म्हणजे तेव्हाही डाळ चार किलो आणि आताही चारच! वहीत शंभर रुपये वाढले, डब्यात एक दाणाही नाही. भाववाढ अशी वजा करून उरेल तो खरा खर्च. अर्थशास्त्रातले एवढे मोठे नाव, पण मूळ हिशेब हाच.

देशाचाही असाच हिशेब होतो. प्रा. महालनोबिस यांच्या पुढाकाराने १९५० साली राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली, तेव्हापासून पाहणीदार घरोघर जाऊन खर्च विचारीत आले आहेत. २०११-१२ साली खेड्यात माणशी महिना खर्च १,४३० रुपये निघाला, तो २०२२-२३ साली ३,७७३ झाला. अडीच पटींहून अधिक! पण २०११-१२ च्याच भावांनी मोजला तर तो २,००८ भरतो, म्हणजे खरी वाढ सुमारे चाळीस टक्के. शहरांत २,६३० चे ६,४५९ झाले. जुन्या भावांनी ३,५१०. बाकीची सारी वाढ भावांनी खाल्ली.

ह्या तुलनेतही थोडे जपून राहावे लागते. पूर्वी पाहणीदार एकदाच येई; २०२२-२३ पासून तो निरनिराळ्या जिनसांसाठी तीनदा येऊ लागला. तीनदा विचारले की विसरलेले खर्चही आठवतात, हे बायकांना सांगायला नको! शिवाय मधली २०१७-१८ ची पाहणी झाली खरी, पण आकड्यांच्या दर्जाचे कारण देऊन सरकारने ती २०१९ साली बाजूला ठेवली. त्यामुळे अकरा वर्षे अधिकृत आकडाच नव्हता. मला हे बरे वाटत नाही. आकडे आवडोत न आवडोत, वही उघडी असावी.

आणखी एक गंमत पाहा. पापड घरी लाटले तर खर्चात फक्त उडदाची डाळ, मसाला नि तेल धरले जाते. आपले हात फुकट! तेच पापड दुकानातून आणले की पूर्ण किंमत खर्चात चढते. म्हणजे बाई नोकरीला लागून पापड विकत घेऊ लागली, की देशाचा खर्च वाढलेला दिसतो. ताटात मात्र पापड तेवढेच.

आता घरची गोष्ट. माझ्या ओळखीच्या एका भगिनीला घरखर्चाला तीन वर्षे महिना १०,००० रुपयेच मिळतात, आणि वर "तुला पुरवता येत नाही" हा शेरा. भाव वर्षाला पाच टक्क्यांनी वाढले असे धरले, तर तीन वर्षांनी ते दहा हजार सुमारे ८,६४० रुपयांचेच काम करतात. म्हणजे काहीही न बोलता महिन्याला तेराशेंवर रुपये कमी केल्यासारखेच झाले! तरी ही बाई घर चालवते आहे. उधळी म्हणणाऱ्यांनी हा भागाकार करून पाहावा.

पण त्यासाठी पुरावा हवा. आपल्या वह्यांत जिन्नस असतो, रुपये असतात. वजन कोणी लिहीत नाही. मग वर्षाने भाव वाढला की वापर, हे कळणार कसे? मी तिला तिसरा रकाना आखून दिला आहे. तेल किती लिटर, साखर किती किलो, गॅसचे सिलिंडर किती दिवस पुरले. ज्यांना तो नमुना पाहायचा असेल त्यांनी चहाच्या वेळी माझ्याकडे यावे. वही मी बरोबर आणली आहे.