जुनी सायकल : नवी नको, चालती करा
(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेतील भाषण)



बेळगावात सायकलीवर बोलायला वेगळे निमित्त लागत नाही. ज्या किर्लोस्कर रोडवरून आपण येतो-जातो, त्या नावाच्या मुळाशीच सायकल आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत असताना त्यांनी आणि बंधू रामूअण्णांनी बेळगावात सायकलींचा धंदा मांडला. किर्लोस्कर उद्योगाचा आरंभ १८८८ पासून धरतात, तो या सायकलींपासून. लोखंडी नांगर आणि १९१० ची किर्लोस्करवाडी हे सारे नंतरचे.

तेव्हा ती श्रीमंतांची चीज होती. पुढे ती मास्तरांची, कारकुनांची, पोस्टमनची आणि दूधवाल्यांची झाली. शहापूर, टिळकवाडीच्या जुन्या घरांत आजही जिन्याखाली किंवा परसात एखादी रॅले, हंबर, बी.एस.ए. नाहीतर हर्क्युलिस पोत्याखाली पडलेली असते. घर पाडून अपार्टमेंट उठते तेव्हा ती किलोच्या भावाने भंगारात जाते. ती जाण्याआधी आपण काय करू शकतो, एवढेच मला सांगायचे आहे.

आधी सायकल ओळखा. स्टिकर उडालेले असले तरी पायडलजवळचे मोठे चक्र बोलते. बगळ्याच्या मुंड्या कापलेल्या असतील तर रॅले. तीन बंदुकांची खूण असेल तर बी.एस.ए., कारण ती मुळात बर्मिंगहॅमची बंदुका करणारी कंपनी. चिमट्याला दोन्ही बाजूंना दोन-दोन नळ्या असतील तर बहुधा हंबर. मागच्या हबमध्ये स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा संच असेल, तर हब पुसून पाहा. बऱ्याच हबांवर वर्षाचे आकडे ठोकलेले असतात.

मग खोलण्याआधी चारी बाजूंनी फोटो काढा. प्रत्येक नट-बोल्टवर तेल सोडून दोन-तीन दिवस थांबा. घाई करणाऱ्याच्या हातात तुटलेला बोल्ट येतो. डावे पायडल उलट्या आट्याचे असते, ते उजवीकडे फिरवून सुटते. क्रँकची कॉटर पिन काढताना नट पुरता काढू नका. तो पिनेच्या टोकाशी सपाट येईपर्यंत सैल करा, क्रँकला खालून लाकडाचा ठोकळा किंवा जाड नळी टेकवा आणि एकच नेमका घाव घाला. दहा हलके घाव पिन वाकवतात.

छर्रे मात्र नवेच घाला, ते स्वस्त असतात. निघाले तेवढेच घालू नका, आधीच्या कोणी तरी दोन-तीन गाळलेले असतात. इंग्लिश रोडस्टरचा साधारण हिशेब असा : पुढच्या हबला दर बाजूस ३/१६ इंची १०, मागच्याला पाव इंची ९ आणि पायडलच्या धुऱ्याला पाव इंची ११.

आपल्याकडे एक मोठी सोय आहे. सळईच्या ब्रेकची काळी सायकल आपल्या देशात अजून बनते, त्यामुळे २८ × १ १/२ चे टायर, ब्रेकचे रबर, कॉटर पिना या वस्तू साध्या दुकानात मिळतात. पण जुन्या रॅलेच्या धुऱ्याच्या कपांचे आटे इंचाला २६ असतात, इतरांचे बहुधा २४. म्हणून रॅलेचा जुना कप झिजलेला दिसला तरी टाकू नका. नवा जबरदस्तीने पिळला तर फ्रेमचे आटे जातात, आणि फ्रेम गेली की सायकल गेली.

आता रंगाचे. इथे माझे मत जरा आग्रही आहे. माझ्या वडिलांच्या रॅलेच्या चेनकव्हरवर पेंटरने पांढऱ्या रंगात त्यांचे नाव लिहिलेले आहे. हँडलखाली नगरपालिकेच्या सायकल कराचा बिल्ला आहे. वरच्या दांडीचा रंग एका जागी पार गेला आहे, कारण तिथे आम्ही भावंडे पाळीपाळीने बसून शाळेत गेलो. एक रंगारी म्हणाला, “काका, सगळं घासून, भट्टीचा रंग मारून नवी कोरी करून देतो.” मी त्याला हात जोडले. नवी कोरी सायकल कुठल्याही दुकानात मिळते. वडिलांचे नाव असलेली दुसरी कुठे मिळणार?

म्हणून साबणाच्या पाण्याने धुवा, मऊ फडक्याने तेलाचा हलका हात द्या. सोनेरी रेघांवर आणि अक्षरांवर पॉलिश पेपर लावू नका. क्रोमवरचा वरवरचा गंज ॲल्युमिनियमचा कागद पाण्यात बुडवून घासला की निघतो. कातडी सीट तेलात भिजवू नका, ती लोंबते. कातड्याचे मलम थोडेसे चोळा आणि पुढच्या टोकाखालचा नट जरासाच आवळा.

पण जिथे जीव अडकतो, तिथे भावना नको. ब्रेकचे रबर, टायर, ट्यूब, कॉटर आणि तडा गेलेला चिमटा जुना आहे म्हणून ठेवायचा नाही. आठवण दांडीवर ठेवा, ब्रेकमध्ये नको.

चाकाचा आऊट काढायला मात्र जाणत्याकडे जा. एकेक तार बोटाने छेडून, आवाजावरून तिचा ताण ओळखणारे म्हातारे कारागीर आपल्या गावात अजून आहेत. त्यांच्या मुलांनी दुसरे धंदे धरले आहेत. सायकल त्यांच्याकडे टाकून येऊ नका, नातवंडाला घेऊन शेजारी बसा. ते पितळी बिल्ल्यासारखे खोक्यात ठेवून जपता येणारे ज्ञान नाही.

मंडळाला माझी एकच विनंती आहे. पुढच्या वर्षी प्रतिष्ठापनेच्या दिवशी मंडपाबाहेर आपापल्या घरच्या जुन्या सायकली उभ्या करू. बक्षिसे नकोत, चकचकीतपणाची स्पर्धा तर नकोच. अट एवढीच की ती घरापासून मंडपापर्यंत चालवत आणलेली असावी. आजोबांना जमत नसेल तर नात आणील.

आज घरी गेल्यावर जिन्याखालचे पोते तेवढे उचलून पाहा.

गणपती बाप्पा मोरया!