लोकरीकडून सुताकडे



कार्यानुभवाच्या तासाला आपण सुलट-उलट टाके शिकलो ते लोकरीवर. तेही वऱ्हाडात, जिथे स्वेटर जेमतेम दोन महिने पेटीबाहेर येतो! इथला कापूस मात्र एकेकाळी लिव्हरपूलच्या बाजारात ‘उमरा’ म्हणून, म्हणजे आपल्या उमरावतीच्या नावाने विकला जाई.

मी आता सुतावर विणते. रीत थोडी वेगळी आहे. लोकर ताणली तरी पुन्हा आकसते, सूत सैल पडतं. म्हणून काठाला एक नंबर बारीक सुया घ्याव्यात आणि छोटा नमुना धुऊन, वाळवून मगच टाके मोजावेत. टकळीवरचं एकेरी सूत तसंच विणलं तर वीण तिरकी जाते. दोन पदर कातलेल्याच्या उलट दिशेने पिळले की सरळ येते.

शाळेला एक विनंती. सरकी काढणं, पेळू, टकळी, पीळ आणि मग सुया, असा हा प्रवास मुलांकडून एकदा करून घेऊया. कापूस मूठभरच लागेल. शिकवायला महिन्यातून एका शनिवारी मी अकोल्याहून येईन. ज्यांच्या घरी कापूस पिकतो, त्या मुलांनी त्याचा धागा एकदा तरी आपल्या हाताने काढलेला असावा.