मराठी घर, हिंदी वर्ग आणि वाचताना अडणारं मूल



भिलाईतल्या शाळेच्या एकाच वर्गात चार-पाच मातृभाषांची मुलं सहज सापडतात. १९५९मध्ये पोलाद कारखान्याची पहिली भट्टी पेटली, देशभरातून माणसं इथे नोकरीला आली आणि त्यांची मुलं एका बाकावर बसून हिंदी शिकली. याचा आम्हा भिलाईकरांना अभिमान आहे. पण या सरमिसळीच्या आड काही मुलांची अडचण वर्षानुवर्षं दडून राहते.

तिसरीतलं मूल अडखळत वाचतं. फळ्यावरचं उतरवताना ओळी गाळतं. एकच शब्द एका पानावर तीन तऱ्हांनी लिहितं. बाई म्हणतात, "घरी मराठी बोलतात ना, म्हणून हिंदी कच्चं राहिलंय." आईबाबांनाही ते पटतं. मूल मात्र हळूहळू स्वतःला 'ढ' समजू लागतं.

हे भाषेमुळे होतंय की डिस्लेक्सियामुळे? मराठी घरांना याचा अंदाज घेणं तुलनेनं सोपं आहे, कारण दोन्ही भाषांची लिपी एकच. मुलाच्या हाती मराठी गोष्टीचं साधंसं पुस्तक द्या. शब्द घरातले, अर्थ ओळखीचा. तिथे ते सुरळीत वाचत असेल, तर हिंदीचा सराव हवा, एवढंच. पण तिथेही प्रत्येक अक्षराशी झगडत असेल, ऱ्हस्व वेलांटी कुठे वाचायची याचा गोंधळ होत असेल, आणि तीच गोष्ट तुम्ही वाचून दाखवल्यावर त्याला लगेच कळत असेल, तर दोष भाषेला देऊ नका. ही वेलांटी अक्षराच्या आधी लिहायची आणि उच्चारायची मात्र नंतर. अशा मुलाला ती फार छळते. आधी डोळे आणि कान तपासून घ्या. मग तज्ज्ञांकडे जा, कारण घरच्या अंदाजाला निदान म्हणता येत नाही.

मानेसरच्या राष्ट्रीय मस्तिष्क संशोधन केंद्रानं 'डाली' नावाची चाचणी तयार केली आहे. ती हिंदीत आहे, मराठीतही आहे. तिच्यात वर्गशिक्षकांनी भरायची प्राथमिक चाळणीही आहे. इथल्या शिक्षकांनी ती जरूर मागवावी. राजनांदगावला दिव्यांगांसाठी केंद्र सरकारचं समेकित क्षेत्रीय केंद्रही आहे. तिथे चौकशी करता येते.

निदान होईपर्यंत वर्ग थांबत नाही. अशा मुलाला सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायला उभं करू नका, एवढं आजपासून करता येईल. फळ्यावरचा मजकूर छापून हातात द्या. इतिहासाचं उत्तर तोंडी घ्या. पानिपतची लढाई का हरलो हे त्याला सांगता येत असेल, तर इतिहास त्याला येतो. शुद्धलेखनाचे गुण भाषेच्या तासापुरते ठेवा.

२०१६च्या दिव्यांगजन हक्क कायद्यानं डिस्लेक्सियासारख्या अध्ययन अक्षमतेला दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत स्थान दिलं आहे, आणि ती लवकरात लवकर ओळखण्याची जबाबदारी शाळांवर टाकली आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०२१मध्ये प्राथमिक वर्गांसाठी विशेष गरजा असलेल्या दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा असं सांगितलं. ते पद आपल्या शाळेत भरलं आहे का, हे पालकसभेत विचारा. शाळा सीबीएसईची असेल, तर अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र मिळाल्यावर तीन तासांच्या पेपराला एक तास जादा मिळतो. पण ते प्रमाणपत्र दहावीचा फॉर्म भरताना शोधायला निघू नका. पाचवी-सहावीतच कामाला लागा.