सन्मानाचा महिना आणि हक्कांचा हिशेब

(पक्षाच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



आजच्या अभ्यासवर्गासाठी मी कॅनडातील शिखांचा विषय निवडला, याचे काहींना नवल वाटेल. परंतु एखाद्या समाजाच्या श्रद्धेला, वारशाला आणि कर्तृत्वाला शासनाने अधिकृत मान्यता दिली म्हणजे नेमके काय साधते, हा प्रश्न काही दूरचा नाही. जयंत्या, स्मारके आणि गौरवाचे ठराव यांत आपलीही पुष्कळ शक्ती खर्च होते.

२०१९ च्या एप्रिलमध्ये कॅनडाच्या संसदेने कायदा करून दर वर्षीचा एप्रिल, म्हणजे वैशाखीचा महिना, 'शीख वारसा मास' ठरविला. ओंटारिओ प्रांताने तो २०१३ मध्येच ठरविला होता. मधल्या काळात, १८ मे २०१६ रोजी, पंतप्रधान जस्टिन ट्रूडो यांनी 'कोमागाता मारू' प्रकरणाबद्दल संसदेत क्षमा मागितली. २०२१ च्या जनगणनेत त्या देशात ७ लाख ७१ हजारांवर शीख नोंदले गेले. हे प्रमाण लोकसंख्येच्या २.१ टक्के भरते. या मान्यतेचे मी स्वागतच करतो. पण ती राज्यकर्त्यांच्या औदार्यातून आली, असे कोणी म्हणेल तर इतिहास त्याला साक्ष देत नाही.

१९०४ ते १९०८ या काळात सुमारे पाच हजार हिंदी लोक, त्यांत बहुसंख्य शीख, ब्रिटिश कोलंबियात पोचले. लाकूड कापण्याच्या गिरण्यांत त्यांना काम मिळाले, ते गोऱ्या मजुरापेक्षा कमी मजुरीवर. मालकाला स्वस्त श्रम हवे होते. गोऱ्या मजुराला आपली मजुरी घसरेल अशी धास्ती होती. त्याचा राग मालकावर निघायला हवा होता. तो निघाला पगडीवाल्या मजुरावर. आशियाई लोकांना हुसकून लावण्याच्या चळवळीत तिथल्या कामगार संघटनाही सामील होत्या, ही गोष्ट आपण समाजवाद्यांनी लपवू नये. १९०७ मध्ये त्या प्रांताने हिंदी लोकांचा मताधिकार काढून घेतला. १९०८ मध्ये नियम आला की, जन्मदेशाहून न थांबता थेट आलेल्यालाच प्रवेश मिळेल. हिंदुस्थानातून तसा प्रवास व्यवहारात अशक्य होता. नियमात वंशाचे नाव नव्हते, हीच त्याची चलाखी.

या शिखांपैकी अनेक जण साम्राज्याच्या फौजेत लढून आले होते. छातीवर पदके होती. अधिकृत मान्यता यापेक्षा वेगळी ती काय असते? पण त्या पदकावर बायकोमुलांना आणता येत नव्हते, मत देता येत नव्हते. १९०९ मध्ये व्हँकुव्हरच्या गुरुद्वारात या माजी सैनिकांनी आपली पदके आणि गणवेश अग्नीच्या स्वाधीन केले. हक्काविना मिळालेल्या सन्मानाची किंमत त्यांनी ओळखली होती.

१९१४ च्या मे महिन्यात गुरुदित्त सिंग यांनी भाड्याने घेतलेले 'कोमागाता मारू' हे जहाज ३७६ प्रवाशांसह व्हँकुव्हरला आले. त्यांत ३४० शीख, २४ मुसलमान आणि १२ हिंदू होते. दोन महिने जहाज बंदरात अडवून ठेवले आणि अखेर युद्धनौकेच्या धाकाने परत पाठविले. कलकत्त्याजवळ बजबज येथे २९ सप्टेंबरला पोलिसांनी व लष्कराने गोळीबार केला; सुमारे वीस माणसे मेली. याच संतापातून गदर चळवळीला बळ मिळाले. त्या चळवळीत पुणे जिल्ह्यातील तळेगाव ढमढेरे येथील विष्णु गणेश पिंगळे होते. १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात कर्तारसिंग सराभा आणि पिंगळे एकाच दिवशी फासावर गेले. पंजाब आणि महाराष्ट्र यांचे हे नाते आपल्या तरुणांना सांगितले पाहिजे.

मताधिकार परत मिळाला तो १९४७ मध्ये. तो मिळविण्यात खालसा दिवाण सोसायटीइतकाच लाकूड कामगारांच्या संघटनेचा वाटा होता. ज्या कामगारवर्गाने १९०७ मध्ये शिखांना बाहेर ढकलले, त्याच्याच संघटनेने चाळीस वर्षांनी समान कामाला समान मजुरीची मागणी केली. तिच्यात दर्शनसिंग 'कॅनेडियन' हे एक संघटक होते. ते पुढे मायदेशी परतले, कम्युनिस्ट आमदार झाले आणि १९८६ मध्ये पंजाबात अतिरेक्यांच्या गोळ्यांना बळी पडले. समाजाच्या नावाने हत्यार उचलणाऱ्यांनी समाजासाठी झिजलेल्या माणसाला मारले.

आणखी एक गोष्ट. 'समाजाचे योगदान' या शब्दाखाली समाजातला वर्गभेद झाकला जातो. ब्रिटिश कोलंबियात १९८० मध्ये शेतमजुरांची संघटना उभी राहिली. मजूर बहुतेक पंजाबी होते आणि त्यांची पिळवणूक करणारे मुकादमही पुष्कळदा पंजाबीच होते. संस्थापकांपैकी राज चौहान हे २०२० मध्ये त्या प्रांताच्या विधिमंडळाचे सभापती झाले. वारसा मासात या मजूर स्त्रियांची आठवण व्हावी. केवळ यशस्वी उद्योजकांची होऊन चालणार नाही.

मान्यता किती तकलादू असू शकते, तेही पाहा. ज्या २०१९ च्या एप्रिलमध्ये वारसा मासाचा कायदा झाला, त्याच वर्षीच्या जूनमध्ये क्वेबेक प्रांताने शिक्षक, पोलीस आदींना कामावर असताना धार्मिक चिन्हे धारण करण्यास मनाई केली. संसद पगडीचा गौरव करते आणि प्रांत त्याच पगडीमुळे नवी नोकरी नाकारतो, असा हा विरोध आहे.

दुसऱ्याचे दोष मोजणे सोपे असते. आपल्या घटनेच्या २५ व्या कलमाचे स्पष्टीकरण कृपाण धारण करणे हा शीख धर्माचरणाचा भाग मानते. तरी १९८४ च्या नोव्हेंबरात दिल्लीत, शासनाच्याच गणनेप्रमाणे, २,७३३ शीख मारले गेले. पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी २००५ मध्ये राज्यसभेत क्षमा मागितली. पण माजी खासदार सज्जन कुमार यांना उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली ती डिसेंबर २०१८ मध्ये, चौतीस वर्षांनी. क्षमा लवकर येते, न्याय रेंगाळतो.

म्हणून कार्यकर्त्यांना माझे सांगणे एवढेच की, गौरवाच्या ठरावाला विरोध करू नका. अपमान सोसलेल्या समाजाला सन्मानाची भूक असते आणि ती खरी असते. मात्र ठराव संमत झाला की सभा उठवू नका. त्या समाजातल्या शेवटच्या मजुराला पूर्ण मजुरी मिळते का, त्याच्यावर अत्याचार झाला तर न्यायालयाचे दार वेळेवर उघडते का, हे तिथेच विचारा. पदके जाळणाऱ्यांनी हाच प्रश्न विचारला होता.