जुन्या उंची मोटारीचा पाण्याचा पंप

उंची मोटार जुनी झाली कीं तिची किंमत झपाट्यानें उतरते. पण तिच्या यंत्राच्या गरजा मात्र उतरत नाहींत. नवी असतांना जी गाडी मोठ्या कारखानदाराच्या दारांतच दिसे, तीच वीस-पंचवीस वर्षांनीं बेताच्या मिळकतीचा हौशी गृहस्थही घेऊं शकतो. परंतु गाडी स्वस्त मिळाली, तेव्हां तिचे सुटे भागही स्वस्तांतलेच घ्यावे, असा विचार त्याच्या मनांत आला कीं संकटाला आरंभ होतो. पाण्याच्या पंपाच्या निवडींत हें फार लवकर प्रत्ययास येतें.

उदाहरणादाखल म्यूनिकच्या बी. एम. डब्ल्यू. कारखान्याची ‘७२८ आय’ ही गाडी घ्यावी. १९९४ ते २००१ या काळांत निघालेल्या सातव्या मालिकेंतील ही गाडी. तिच्या २.८ लिटरच्या, सहा सिलिंडरांच्या इंजिनाच्या पुढल्या तोंडाशीं हा पंप बसविलेला असतो. पट्ट्यानें पुली फिरते, पुलीबरोबर दांडा फिरतो, आणि दांड्याच्या आंतल्या टोकावरील पात्यांचें चक्र, ज्यास इंपेलर म्हणतात, तें इंजिनांत पाणी खेळतें ठेवतें. दांड्यास आधार बेअरिंगचा. पाणी अडवून धरण्याचें काम सीलचें. इंजिनाचें सिलिंडर हेड ॲल्युमिनियमचें आहे. पाणी फिरेनासें झालें आणि गाडी तशीच हांकली, तर तें तापून वांकतें, हेड गॅस्केट जातें, आणि पंपाच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च अंगावर येतो. जुन्या गाडीच्या बाबतींत हा खर्च म्हणजे बहुधा तिचा अंतच.

पंपाचीं दुखणीं तीन. सील झिजलें म्हणजे पंपाच्या अंगच्या एका बारीक छिद्रांतून थेंब ठिबकतात व तेथें वाळलेल्या कूलंटचे डाग उमटतात. हें छिद्र सूचनेसाठींच ठेवलेलें असतें. तें बुजवूं नये. बेअरिंग सैल झालें म्हणजे घरघर ऐकूं येते, आणि इंजिन बंद व थंड असतांना पंखा धरून हलविल्यास ढिलेपणा जाणवतो. तिसरें दुखणें मात्र फसवें आहे. या घराण्याच्या इंजिनांतील पूर्वीच्या प्लॅस्टिकच्या इंपेलरांना वयोमानानें तडे जात, किंवा ते दांड्यावर सैल होत. अशा वेळीं पट्टा फिरतो, पुली फिरते, एक थेंबही गळत नाहीं. आंतलें पाणी मात्र नीट वाहत नाहीं!

यावरून पुष्कळ लोकांनीं एकच धडा घेतला, कीं इंपेलर धातूचा असला म्हणजे झालें. धडा खोटा नाहीं, पण अर्धा आहे. धातूचा इंपेलर ठिसूळ होत नाहीं हें खरें. परंतु बेअरिंग हलक्या प्रतीचें असेल तर तोच कठीण इंपेलर सैल दांड्यावर डगमगूं लागतो व घरास घासतो. इंपेलर डोळ्यांना दिसतो, म्हणून गिऱ्हाईक त्याचीच चौकशी करतें. बेअरिंग व सील दिसत नाहींत, आणि पंपाचें आयुष्य तर बहुतेक त्यांवरच अवलंबून असतें. शिवाय या गाडींत मोठा पंखा पंपाच्याच दांड्यावर चढविलेला असतो. तो वांकडा किंवा चिरलेला असेल, तर नवें बेअरिंगही तो थोड्याच काळांत खाऊन टाकील.

म्हणून निवड करतांना गाडीच्या चासी-क्रमांकाचीं शेवटचीं सात अक्षरें-अंक सांगून नेमका भाग मागावा. कारखान्याचा स्वतःचा किंवा नांवाजलेल्या उत्पादकाचा पंप घ्यावा. ज्याचें सील कोणीं बदललें हें कळत नाहीं असा दुरुस्त केलेला पंप स्वस्त असला तरी टाळावा. नवा पंप जुन्याशेजारीं ठेवून इंपेलरचा व्यास आणि पात्यांची ठेवण ताडून पाहावी. दांडा हातानें फिरवावा. तो सारखा फिरला पाहिजे, खरखरतां किंवा हलतां कामा नये. त्याच वेळीं रबरी कडें, पट्टा आणि थर्मोस्टॅटही बदलावे, म्हणजे तेंच काम पुन्हां उघडावें लागत नाहीं. पंख्याची ३२ मिलिमीटरची चाकी उलट्या आट्यांची आहे, हें मिस्त्रीनें विसरूं नये.

चांगला पंपही निष्काळजीपणें बसविला तर टिकत नाहीं. नळाच्या जड पाण्यानें क्षार सांचतात. म्हणून कारखान्यानें नेमून दिलेलें कूलंट व शुद्ध केलेलें पाणी समभाग घालावें, आणि हवा पूर्ण निघून जाईपर्यंत सावकाश भरावें. कोरडा पंप क्षणभरही फिरवूं नये, कारण सीलला ओलावा देणारें तेंच पाणी होय. इंजिन तापलेलें असतां टांकीचें झांकण कधींही उघडूं नये.

पंपाची किंमत दुसऱ्या पंपाच्या किमतीशीं ताडून पाहण्याची चाल आहे. ती ज्या इंजिनाचें तो रक्षण करतो त्याच्या किमतीशीं ताडून पाहावी. मग महाग कोणता आणि स्वस्त कोणता, हें निराळें सांगावें लागत नाहीं.