दूरच्या घरातील बिनतारी केंद्र

आमच्या साताऱ्याच्या घराला गेली दोन वर्षे कुलूप आहे. मी असतो मुलाकडे, सांगलीस. तथापि अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या त्या बंद घरातून माझा आवाज बहुतेक रोज सकाळी बाहेर पडतो आणि नागपूर, बंगळूर, कधी कोलंबो येथपर्यंत जाऊन पोहोचतो. यात चमत्कार काही नाही. हौशी बिनतारी केंद्र इंटरनेटच्या द्वारे दुरून चालविण्याची ही एक युक्ती आहे, आणि तिच्याविषयी चार शब्द सांगावेत असा आजचा हेतू आहे.

प्रथम हौशी केंद्र म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. नभोवाणी एकाने बोलायची आणि लक्षावधींनी ऐकायची असते. हौशी केंद्र बोलते आणि ऐकतेही. ते चालविणाऱ्यास परीक्षा द्यावी लागते. ती उत्तीर्ण झाल्यावर भारत सरकारच्या दूरसंचार विभागाची बिनतारी नियोजन शाखा परवाना देते, आणि त्याबरोबर 'व्हीयू' या अक्षरांनी सुरू होणारे एक संकेतनाम. या केंद्रावरून पैसा मिळवायचा नाही, व्यापार करायचा नाही आणि गुप्त भाषा वापरायची नाही. निखळ विद्येचा आणि स्नेहाचा हा व्यवहार आहे.

मग केंद्र सांगलीसच का आणले नाही? कारण दोन आहेत. आमच्या सदनिकेच्या गच्चीवर कायमची तार बांधण्यास सोसायटीची संमती नाही. सात मेगाहर्ट्झच्या, म्हणजे चाळीस मीटरच्या पट्ट्यासाठी सुमारे वीस मीटर लांबीची तार ताणावी लागते, आणि शेजाऱ्यांना ती वाळवणाच्या दोरीहून भयंकर वाटते! दुसरे कारण गोंगाटाचे. दाट वस्तीत एलईडी दिवे, इन्व्हर्टर, मोबाईलचे चार्जर ही सर्व मंडळी विद्युत्-लहरींची इतकी कुजबुज करीत असतात की दूरचा मंद आवाज तीत बुडून जातो. साताऱ्याच्या घरामागे परसू आहे, आंब्याचे झाड आहे आणि रात्री शांतता आहे.

आता रचना ऐका. साताऱ्यास शंभर वॅटचे यंत्र आणि त्याला जोडलेला तळहाताएवढा संगणक आहे. सांगलीस माझ्यापुढे दुसरा संगणक, ध्वनिग्राहक आणि मोर्सची कळ. लहरीची लांबी बदलणे, ऐकण्याकडून बोलण्याकडे वळणे, शक्ती कमी-अधिक करणे, या आज्ञा तारेने साताऱ्यास जातात. तिकडे ऐकू आलेला आवाज त्याच वाटेने इकडे येतो. आकाशातील प्रवास मात्र साताऱ्याहूनच सुरू होतो. कृष्णा महाबळेश्वरास उगम पावून वाई, कऱ्हाड करीत सांगलीस येते. माझा आवाज उलट सांगलीहून साताऱ्यास चढतो आणि मग आकाशात सुटतो.

अडचणी आरंभीच आल्या. पुष्कळ इंटरनेट कंपन्या अनेक ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात. त्यामुळे सांगलीहून साताऱ्याचे दार ठोठावले तरी ते नेमके कोणाचे दार, हे ठरत नाही. उपाय असा, की घरातील संगणकानेच आधी बाहेर हात पुढे करावा आणि तो धरूनच ठेवावा. दुसरी अडचण विलंबाची. मी शब्द उच्चारल्यापासून तो आकाशात जाईपर्यंत क्षणाचा काही अंश जातो. बोलताना तो खपतो. मोर्समध्ये मात्र आपल्याच कळीचा नाद उशिरा ऐकू आला की हात अडखळतो. म्हणून तो नाद येथल्या येथेच निर्माण करून ऐकावा लागतो.

परंतु खरा धडा एका वळवाच्या संध्याकाळी मिळाला. मोर्सची कळ दाबलेली असतानाच दुवा तुटला. कळ उचलल्याची आज्ञा साताऱ्यास पोहोचलीच नाही, आणि यंत्र अखंड एकच शिट्टी आकाशात सोडीत राहिले. मी शेजारच्या वहिनींना दूरध्वनी केला. किल्ली त्यांच्याकडे असते.

"गुरुजी, लाल दिवा लागलाय आणि पंखा नुसता ओरडतोय. हात लावू का?"

"यंत्राला लावू नका, वहिनी. भिंतीवरचे बटण तेवढे बंद करा."

तोवर पंधरा मिनिटे गेली होती. त्या अवधीत किती जणांचे संभाषण मी बिघडविले असेल, याचा विचार करून मी त्या रात्री खजील झालो. वर्गातून बाहेर जाताना मुलांना गप्प राहण्यास सांगणारा मीच, माझ्या गैरहजेरीत हा गोंधळ घालीत होतो.

तेव्हापासून एक नियम केला. यंत्रास बोलते ठेवण्याची आज्ञा प्रत्येक सेकंदास पुन्हा दिली पाहिजे. ती आली नाही तर साताऱ्याचा संगणक आपण होऊन यंत्र गप्प करतो. शिवाय कसेही झाले तरी तीन मिनिटांनंतर प्रक्षेपण थांबते. हा पहारेकरी केंद्रापाशीच हवा. सांगलीस ठेवून उपयोग नाही, कारण नेमका दुवा तुटतो तेव्हाच त्याची गरज लागते. काम नसेल तेव्हा तार यंत्रापासून तुटून जमिनीशी जोडली जाते, हेही विजेच्या भयाने केले आहे. घरात नसलेल्या माणसाने चूल पेटती ठेवू नये, इतकाच याचा अर्थ.

कायद्याची बाजूही विसरता कामा नये. परवाना ठराविक व्यक्तीस आणि ठराविक जागेसाठी असतो. म्हणून दुरून चालविण्यापूर्वी परवाना देणाऱ्या कार्यालयास लेखी विचारावे, आणि परवलीचा शब्द परवाना नसलेल्या कोणाही स्नेह्यास देऊ नये. नोंदवहीत मी केंद्राची जागा सातारा अशीच लिहितो, कारण लहर तेथूनच निघते.

सचोटीचा आणखी एक प्रश्न आहे. हॉलंडमधील ट्वेंटे विद्यापीठात ठेवलेला ग्राहक जगातील कोणालाही इंटरनेटवरून ऐकता येतो. अभ्यासास तो उत्तम आहे. पण त्याच्या कानांनी ऐकून 'मला तुमचा आवाज स्वच्छ येतो' असे समोरच्यास सांगणे म्हणजे दुसऱ्याच्या पाटीवरून गणित उतरविणे होय. बोलणारे केंद्र जेथले, ऐकणारा कानही तेथलाच असावा.

शेवटी महत्त्वाची गोष्ट. २००१ च्या कच्छच्या भूकंपात आणि २००४ च्या त्सुनामीनंतर अंदमानात हौशी बिनतारी मंडळींनी निरोप पोहोचविले. कारण त्यांचे साधन दुसऱ्याच्या तारेवर अवलंबून नव्हते. माझे हे नवे केंद्र मात्र पूर्णपणे तारेवर अवलंबून आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले. धोक्याची पातळी आहे ४५ फूट. असा पूर पुन्हा आला, वीज गेली, इंटरनेट गेले, तर साताऱ्याचे शंभर वॅट माझ्या काय कामाचे? ज्या घडीसाठी ही विद्या जतन करायची, नेमक्या त्याच घडीस मी मुका होईन.

म्हणून सांगलीच्या खोलीत, पलंगाखाली, एक लहान यंत्र, बारा व्होल्टची बॅटरी आणि गुंडाळलेली तार ठेवली आहे. संकटकाळापुरती ती तार गच्चीवर बांधू देण्याचे सोसायटीने मान्य केले आहे, आणि जागेच्या परवानगीचा कागदही आधीच करून घेतला आहे. तेवढ्या थोड्या शक्तीची सात मेगाहर्ट्झची लहर दिवसा सरळ वर जाऊन आकाशातील विद्युन्मय थरावरून खाली परतते आणि मधल्या डोंगरांना न जुमानता साताऱ्यास उतरते. तेथे ऐकणारा कोणी परवानाधारक मित्र बसलेला असला म्हणजे झाले. महिन्यातून एका रविवारी आम्ही इंटरनेट बंद ठेवून हा सराव करतो.

श्रोतेहो, दूरचे केंद्र ही सोय आहे. तिचा आनंद अवश्य घ्यावा. परंतु सोयीला आधार समजू नये. त्या रविवारी पलंगाखालची बॅटरी काढताना नात विचारते, "आजोबा, तुमचं साताऱ्याचं मोठं यंत्र आहे ना?" मी तिला सांगतो, "आहे, बाळ. पण पुरात आपल्या हातातलं वल्हंच उपयोगी पडतं."