आईचा व्यवसाय : गृहिणी

कोणी बसमध्ये असेल, कोणी लोकलमध्ये लटकत असेल, कोणी फोन खिडकीत ठेवून भांडी घासत असेल. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हे बोलणं नेहमीसारखं लिहूनही टाकलंय.

आजचा विषय एका पीडीएफमुळे सुचला. माझ्या लग्नाचा बायोडेटा. हो, आला एकदाचा तोही टप्पा. दादाच्या वेळची फाइल घरात होतीच. बाबांनी तीच काढली, नाव बदललं, फोटो बदलला, जन्मवेळ बदलली आणि मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. "बघ गं, काही चुकलंय का." मी बघितलं. वडील : सेवानिवृत्त एसटी चालक. आई : गृहिणी.

आता ऐका. माझी आई 1998 पासून अंगणवाडी सेविका आहे. बाबा 2023 मध्ये रिटायर झाले, दादा आणि मी बाहेरगावी. म्हणजे आमच्या गावातल्या घरातून रोज सकाळी कामासाठी बाहेर पडणारं माणूस एकच उरलंय, आणि कागदावर नेमकी तीच गृहिणी.

बाबांना फोन करून भांडणार होते. मग आठवलं, की अकरावीच्या प्रवेशाच्या फॉर्मवर 'आईचा व्यवसाय' या रकान्यात मी स्वतःच्या हाताने 'गृहिणी' लिहिलं होतं. मला तसं लिही असं कोणीही सांगितलं नव्हतं. मला ते खोटंही वाटलं नव्हतं. का नसेल वाटलं?

कारण आमच्या घरात भाषाच तशी होती. बाबा 'ड्यूटीवर' जायचे. आई 'अंगणवाडीत जाऊन यायची', जसं आपण गिरणीतून दळण घेऊन येतो तसं. बाबांचा 'पगार' व्हायचा. आईचे 'पैसे यायचे', तेही आले तर. बाबा दमून यायचे, आईला 'उशीर व्हायचा'. 2021 च्या नोव्हेंबरात एसटीवाले संपावर गेले तेव्हा घरात तो 'संप' होता. डिसेंबर 2023 मध्ये राज्यभरातल्या अंगणवाडी सेविका संपावर गेल्या, तेव्हा शेजारच्या काकूंनी विचारलं आणि मीच म्हणाले, "आई मोर्चाला गेलीय." जानेवारी उजाडला तरी तो मोर्चाच होता माझ्या तोंडी!

तर बायोडेटा बाजूला ठेवला आणि दोन दिवस फक्त शब्दच ऐकत बसले. आपण मराठीत कामाला आणि माणसाला काय काय म्हणतो ते.

पहिलं सापडलं ते '-ईण'. पाटलीण, मामलेदारीण, मास्तरीण. यातली पाटलीण गावचा कारभार बघत नव्हती, ती पाटलांची बायको. हुद्दा नवऱ्याचा, शेपूट तिचं. 'डॉक्टरीणबाई' तर अजून ऐकू येतं, आणि त्या स्वतः डॉक्टर आहेत की डॉक्टरसाहेबांच्या घरून आहेत, हे विचारल्याशिवाय कळत नाही. आनंदीबाई जोशी 1886 मध्ये अमेरिकेत डॉक्टर झाल्या. त्याला 140 वर्षं झाली. तरी घोळ चालूच आहे. पण सगळ्या '-ईण' एका मापाने मोजू नका हं. कोळीण म्हणजे नुसती कोळ्याची बायको नाही. बाजारात मासळीचा भाव ठरवणारी तीच असते. आणि सुईण? तिला तर पुरुषाची जोडच नाही, हुद्दा पूर्ण तिचाच.

आता उलटं बघा. बायकोच्या हुद्द्यावरून नवऱ्याला नाव द्यायची वेळ मराठीवर फारशी आलीच नव्हती. ती आली ग्रामपंचायतींमध्ये बायकांना आरक्षण मिळाल्यावर. आपल्याकडे 2011 पासून ते 50 टक्के आहे. आणि लगेच शब्द तयार झाला, 'सरपंचपती'. पाटलीणबाईंना नवऱ्यामुळे मान मिळायचा, खुर्ची नाही. सरपंचपती मात्र थेट खुर्चीतच बसतो, सही तेवढी बाईंची. शब्द हसण्यासारखा आहे, पण माझ्या मते अगदी खरा आहे. जे चाललंय तेच सांगतो तो.

पतीवरून आठवलं. 2007 मध्ये प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या तेव्हा चर्चा झाली होती, की आता यांना म्हणायचं काय? 'पती' कसं म्हणणार? खरंतर तो पती म्हणजे नवरा नव्हेच, तो सेनापतीतला पती, म्हणजे प्रमुख. शेवटी शब्द तोच राहिला आणि मराठीने क्रियापदावर काम भागवलं. 'राष्ट्रपती आल्या.' आहे काय त्यात? आपल्या भाषेत बाई-पुरुष सांगायला क्रियापद बसलेलंच आहे. तहसीलदार आल्या, आमदार बोलल्या, न्यायाधीश म्हणाल्या. मग 'महिला तहसीलदार', 'लेडी कंडक्टर' कशाला? तिकीट तर तेवढ्याच पैशांचं देते ना ती.

क्रिकेटचंच घ्या. नियम बनवणाऱ्या एमसीसीने 2021 मध्ये ठरवलं की 'बॅट्समन' बंद, आता 'बॅटर'. जगभर वाद. मराठीत 'फलंदाज' आधीपासूनच होता, त्याला ना शेंडी ना वेणी. गेल्या नोव्हेंबरात नवी मुंबईत आपल्या पोरींनी वर्ल्ड कप जिंकला, तेव्हा शफाली वर्मा 'सामनावीर' होती. 'सामनावीरांगना' मी तरी कुठे वाचलं नाही. कुणाचं काही अडलं नाही.

हे फक्त बायकांचंच आहे असंही नाही. माझा एक मावसभाऊ नर्स आहे. त्याच्या भरतीच्या जाहिरातीत पदाचं नाव होतं 'अधिपरिचारिका'. तो म्हणतो, "ताई, परीक्षा परिचारिकेची दिली, पास परिचारिका म्हणून झालो, आता पँट घालून ड्यूटी करतो." वॉर्डमध्ये त्याला 'ब्रदर' म्हणतात, गावाकडचे म्हातारे पेशंट 'कंपाउंडर', आणि त्याच्या बायोडेटावर मावशीने लिहिलंय, 'आरोग्य खात्यात सरकारी नोकरी'. मुलीकडचे विचारतात, म्हणजे नक्की काय? मग मावशी चहा आणायला उठते. सलाईन लावण्यात त्याचा हात इतका हलका आहे की लहान मुलं त्यालाच मागतात. पण त्या कामाला आपण बायकी ठरवलंय, आणि पुरुषाने बायकी काम केलं की आपण नावच गिळतो. आईच्या कामाचं नाव मी गिळलं, तसंच.

त्याच्याकडूनच एक गोष्ट लक्षात आली, आणि तेव्हापासून ती डोक्यातून जात नाही. हॉस्पिटल म्हणजे अख्खं आजोळ असतं. झाडू-फरशी करणाऱ्या मावशी, स्ट्रेचर ढकलणारे मामा, मग सिस्टर, ब्रदर. आणि डॉक्टर आले की सर, मॅडम. पगार जसजसा चढतो, तसतसं नातं सुटत जातं. डॉक्टरला मामा म्हणून कुणी हाक मारेल का?

मला नात्याच्या हाका वाईट वाटत नाहीत. आपल्या भाषेचा तो गोडवा आहे, अनोळखी रिक्षावाल्याला काका म्हटलं की दोन शब्द जास्त बोलतो तो. पण माझ्या आईला अख्खं गाव 'ताई' म्हणतं, आणि ताईला रात्री दहा वाजता हाक मारता येते. ताईने जन्मनोंदीचा कागद शोधून द्यायचा, ताईने खाऊ उरला असेल तर बघायचं. ताईला 'आज सुट्टी आहे' असं म्हणता येत नाही, कारण सुट्टी नोकरीला असते.

आणि नोकरी हा शब्द तर कागदावरही नाही. अंगणवाड्या सुरू झाल्या 1975 मध्ये. सहा वर्षांखालच्या मुलांचं वजन, उंची, आहार, गरोदर बायकांची नोंद, लसीकरणाला मुलं गोळा करणं, शाळेआधीचं शिकवणं, आता वर मोबाइलवर सगळी माहिती भरणं. एवढं सगळं करणारी कोण? 'सेविका'. तिच्या हाताखाली कोण? 'मदतनीस'. त्यांना मिळतं काय? 'मानधन'. आशाताईंच्या नावात तर 'स्वयंसेविका'च आहे, म्हणजे स्वखुशीने आलेली. किती सुंदर शब्द आहेत बघा! सेवा, मदत, मान. प्रत्येक शब्द आदराने हात जोडतो आणि पगाराचं दार लावून घेतो. सेवेला कोणी पगार मागतं का? मानधन घेणाऱ्याला पेन्शन कशी असेल?

म्हणून मला 25 एप्रिल 2022 ही तारीख लक्षात आहे. गुजरातमधल्या अंगणवाडी सेविकांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत, आणि त्यांना जे 'मानधन' म्हणून दिलं जातं ते ग्रॅच्युइटीच्या कायद्यासाठी वेतनच आहे. म्हणजे कोर्टात जाऊन एका शब्दाचा अर्थ लावून घ्यावा लागला. निकाल लागला म्हणून पैसे हातात पडतात असं नसतं. वर्ष-दीड वर्षाने आई संपावर बसली त्यातही ग्रॅच्युइटीची मागणी होतीच. पण त्या दिवशी तिने बातमी दोनदा वाचायला लावली होती. मी तेव्हा घाईत होते, मला वाटलं तिला नीट ऐकू आलं नाही.

तर काल रात्री फोन केला. बाबांना नाही, तिला.

म्हटलं, "आई, बायोडेटात तुझ्यापुढे गृहिणी लिहिलंय."

"मग? घरचं पण मीच करते की."

"अगं पण अंगणवाडीचं?"

"राहू दे गं. पोरीकडच्यांनी फार मोठं मोठं लिहू नये."

मी गप्प बसले. पलीकडे कुकरची शिट्टी झाली, बाबांना तिने गॅस बारीक करायला सांगितला. मग म्हणाली, "बाबांचं काय लिहिलंयस?"

"सेवानिवृत्त चालक."

"हं." थोडा वेळ थांबली. "मग माझं लिही अंगणवाडी सेविका. 1998 पासून, ते पण घाल. आणि सेवानिवृत्त नको लिहूस चुकून. मला अजून सात वर्षं आहेत."

पीडीएफ बदललीय. बाबांना पाठवलीय, निळ्या टिका आल्यात, उत्तर अजून नाही.